समितीचं प्रेमपत्र

१

आसेगावच्या विहार समितीत पाच जण. एकाला ऐकू येत नाही, एकाला बसलं की उठता येत नाही, एक बैठकीत फक्त झोपायला येतो. उरलेले दोघे म्हणजे अध्यक्ष जानराव आणि सचिव धम्मपाल गुरुजी. त्यांचं एकमत गावानं अजून पाहिलेलं नाही. अशा समितीनं एका गुरुवारी, भर दुपारी, साऱ्या जगाला दिसेल अशा जागी, गावातल्या एका तरण्या मुलीला प्रेमपत्र लिहिलं. खोटं वाटत असेल तर आसेगावात कोणालाही विचारा. प्रत्येक जण तुम्हाला थोडं वाढवूनच सांगेल.

मुलगी म्हणजे नळवाल्या राजपालची स्नेहा. बुद्ध-भीम गीतं गाते, मोबाइलवर व्हिडिओ करून टाकते, आणि आवाज असा की म्हणे एकदा तिचं गाणं सुरू असताना मंगरूळची बस स्टँडवर थांबली ती ड्रायव्हर निघायचंच विसरला. तिच्या नव्या व्हिडिओखाली ते उमटलं होतं:

"तुझा आवाज ऐकला की दिवसभर दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही वरचा सूर लावताना पाय हलवू नको कोणी काही म्हणालं तरी थांबू नको मी आहे ना चला मंगरूळ मंगरूळ मंगरूळ"

आणि लिहिणाऱ्याचं नाव: विहार समिती, आसेगाव. शेजारी समितीचं पिंपळाचं पान.

सोयाबीन काढून घरी आलेल्या गावानं हे वाचलं आणि थकवा कुठल्या कुठं गेला. मालेगावकडून आलेल्या कंडक्टरनं म्हणे तिकीट फाडायच्या आधी विचारलं, "समितीचं लगन कवा हाय?"

पण संध्याकाळच्या बैठकीत कोणी हसलं नाही. रविवारी मंगरूळपीरला वर्षावासाचा समारोप होता. स्नेहा पहिल्यांदा मोठ्या मंचावर गाणार होती. आणि इथं कोणीतरी तिला तीन तीनदा मंगरूळला बोलावत होतं.

"समितीच्या नावाआड लपून कोनीतरी पोरीले पयवून न्याले पाहून राह्यला," धम्मपाल गुरुजी म्हणाले. "लिवनारा सापडत नाई तवपर्यंत पोरगी मंगरूळले जानार नाई. अन व्हिडिओबी बंद."

सगळ्यांनी राजपालकडं पाहिलं. तो दाराशी उकिडवा बसला होता, चष्म्याच्या एकाच काचेतून जमिनीकडं बघत. दुसरी काच मळणीच्या धांदलीत फुटली होती.

"समिती म्हनन तसं," तो म्हणाला आणि उठून टाकीचा नळ बंद करायला गेला.

स्नेहा भिंतीला टेकून उभी होती. ती रडली नाही. ती म्हणाली, "उद्या सायंकाळपर्यंत मुदत द्या. लिवनारा मी आनतो तुमच्यापुढं." आणि तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, कसा.

२

जानरावांना ठाऊक होतं. गावाच्या कडेला तांड्यावर जमनाबाई राहते. मालेगावच्या ठाण्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेली, अंगानं काडी, आवाजानं नगारा. एक चोरीला गेलेली म्हैस तिनं साऱ्या वस्तीला "तुमच्या घरी पोरायले ताक आवडते का?" एवढंच विचारून शोधून काढली होती.

"बाई, तुमी आमच्यापैकी कोनाच्याच नाई," जानराव म्हणाले, "म्हनून बलावलं."

"जमादारीन म्हनून बलवा ना, आबा. चाय हाय का?"

चहा आला. विहाराच्या अभ्यासिकेत खिडकीशी एकच कॉम्प्युटर, आणि त्याची देखभाल करणारा प्रसेनजित. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, हाडकुळा, आणि कालपासून गावाच्या नजरेत संशयित नंबर एक, कारण मशीन त्याच्याच ताब्यात.

"मी काल सारा दिवस वाशिमले होतो, बाई," तो आधीच म्हणाला. "सराव पेपर होता. संगं सात पोट्टे होते."

"मी काही इचारलं का? समितीचं नाव कसं उमटलं, थे सांग."

प्रसेनजितनं मशीन सुरू केलं. पडद्यावर एकसारखी पिंपळपानं रांगेत उभी राहिली, पंगतीत पत्रावळी मांडाव्यात तशी.

"पह्यले साऱ्यायचं एकच होतं," तो सांगू लागला. "आबानं गुडघ्याचं तेल शोधलं, त महिनाभर पोट्ट्यायले गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती. गुरुजीचा ईमेल माह्या नोकरीच्या अर्जात जाऊन बसला. म्हनून मंग ब्राउझरमंदी हरेकाची वेगळी प्रोफाइल करून देल्ली. प्रोफाइल म्हंजे खोली समजा. याचे पासवर्ड, यानं काय पाह्यलं, काय जपून ठिवलं, सारं याच्याच खोलीत राह्यते. त्याच्या खोलीत जात नाई."

"अन खोलीले कुलूप?"

"कुलूप नाई. दारं हायत, कड्या नाईत. इथं सारे आपलेच."

"माह्या नोकरीत जेवढे चोर पकडले, थे सारे कोनाचे ना कोनाचे आपलेच होते," जमनाबाई म्हणाली. "म्हंजे समितीच्या खोलीत जाऊन कोनी काही लिवलं, त जगाले दिसन समितीनं लिवलं?"

"व्हय."

"अन ही सारी पानं एकसारखी काहून?"

प्रसेनजितनं कपाळाला हात लावला. "हत्ती होता, मांजर होती, रॉकेट होतं. आबानं म्हनलं, पिंपळाचं पान पायजे. मंग गुरुजी म्हने, आबाले पान अन मले मांजर? मंग साऱ्यायलेच पान. खाली बारीक अक्षरात नाव हाय, पाहा."

जमनाबाईनं वाकून पाहिलं. मग सरळ झाली. "अभ्यासिकेची किल्ली कोनापाशी राह्यते?"

"खिडकीतल्या कुंडीखाली."

"मालूम कोनाले हाय?"

"गावाले," प्रसेनजित म्हणाला. "अन आता तुमाले."

३

"थे पत्र मोठ्यानं वाच," तिनं सांगितलं.

प्रसेनजितनं वाचायला घेतलं आणि अर्ध्यात त्याला धाप लागली.

"थांबला काहून?"

"थांबाले जागाच नाई, बाई. पूर्णविरामच नाईत."

"म्हणूनच ते माझं नव्हे!" दारातून आवाज आला. धम्मपाल गुरुजी. रागात ते पुस्तकी बोलत. "हयातभर मी विद्यार्थ्यांना विरामचिन्हं शिकवली. मी प्रेमपत्र लिहिलं असतं, तर त्यात स्वल्पविराम असता."

"कोनाले लिवलं होतं का कवा, गुरुजी?"

गुरुजी खोकले. जमनाबाईनं तो विषय दयाबुद्धीनं सोडला.

"आबा, तुमी कुठं होते काल दुपारी?"

"वावरात. मळनीयंत्रापाशी. इचारा मजुरायले, साऱ्यायच्या अंगावर वरडत होतो."

"मंग ऐका," ती म्हणाली. "हे गावातल्या मानसाचं बोलनंच नाई. 'ऐकावंसं वाटत नाही.' आपल्यात असं कोन बोलते? अन लिवनंबी नाई. लिवनारा कुठीतरी थांबते, टिंब देते. हा थांबलाच नाई. प्रसेनजित, या मशीनले तोंडी सांगतलं त लिवते का?"

"लिवते ना! माइकचं बटन दाबायचं अन बोलायचं. पन वऱ्हाडी त्याले पुरी समजत नाई, भलतंच काही लिवते."

"म्हनून त्यानं सायबाशी बोलल्यासारखं बोललं. मशीनपुढं मानसाले वाटते, कलेक्टरच बसला हाय."

"पण मंगरूळ?" गुरुजी पुढं सरसावले. "तीन वेळा मंगरूळ! चला म्हणतो तो!"

जमनाबाईनं बोट ओठांवर ठेवलं. खिडकीबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडं निंबाखाली काळीपिवळी जीप, आणि जीपच्या दारात लोंबकळणारा ड्रायव्हर.

"चलाऽ, मंगरूळ मंगरूळ मंगरूळ!" तो ओरडला.

प्रसेनजितच्या तोंडाचा आ झाला. जानराव असे हसले की चहा सांडला. पण गुरुजी हसले नाहीत.

"ठीक आहे. पळवून नेणारा नाही. पण 'पाय हलवू नको' हे जीपवाला म्हणाला का? पोरीचे पाय कोणीतरी पाहून राहिलाय, जमादारीणबाई. तो कोण?"

४

स्नेहा आत्याच्या गोठ्यात भेटली. एका खांबाला मोबाइल बांधलेला, समोर दोन म्हशी.

"इथं गाते?" जमनाबाईनं विचारलं.

"घरी गात नाई." स्नेहानं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "मागच्या साली मी कालेज सोडलं. बाबा म्हने, मास्तरीन हो. मी म्हनलं, गातो. खूप झालं मंग. त्यायनं म्हनलं, तुहा आवाज मले घरात ऐकू येऊ नये. मंग मी ऐकू येऊ देल्ला नाई."

"बोलत नाई?"

"बोलतो ना. भाकर वाढू का, नळ आला का. थेवढं."

जमनाबाईनं तिला मोबाइलवरचा व्हिडिओ लावायला सांगितला. स्नेहा गात होती, गळ्यापासून वर. वरचा सूर आला आणि डोळे मिटले. पाय कुठंच दिसत नव्हते.

"आता इथंच म्हन एक कडवं."

स्नेहा उभी राहिली, गायली. वरच्या सुराला तिची उजवी टाच जमिनीवर अशी नाचू लागली जशी शिलाई मशीन चालवावी. म्हशींनी कान हलवले.

"हे व्हिडिओत दिसत नाई," जमनाबाई म्हणाली. "लिवनाऱ्यानं तुले समोर उभं राहून गाताना पाह्यलं हाय. कोन कोन पाह्यते?"

स्नेहा हळूच म्हणाली, "अमरदीप. ढोलकी वाजवते माह्यासंगं. पन थो तसा नाई."

"तसा म्हंजे कसा?"

"त्याले लिवता यंत नाई सरळ. निसते हसरे तोंडं पाठवते. पिवळे पिवळे."

"बाकी कोन लिवते तुह्या व्हिडिओखाली?"

"चार-दोन मैतरणी. अन एक काका हायत." स्नेहा पहिल्यांदा हसली. "'शेती माहिती' म्हनून नाव हाय त्यायचं. सोयाबीन-तुरीवाला कोनी असन. वर्ष झालं, एकबी व्हिडिओ सोडला नाई. दोनच शब्द लिवतात, 'छान झालं'. मी हरखेपेस 'धन्यवाद काका' लिवतो. या खेपेस मात्र त्यायचं काहीच आलं नाई. बिमार-गिमार असतीन."

जमनाबाई उठता उठता थांबली. "काहीच नाई?"

"काहीच नाई."

५

जमनाबाई अभ्यासिकेत परत आली तेव्हा दारात गर्दी जमली होती. आसेगावात शोध लागण्याआधी शोध पाहायला माणसं येतात.

"आबा," ती जानरावांना म्हणाली, "तुमी अध्यक्ष. समितीची खोली उघडून दाखवा मले. रोज उघडता तशी."

"त्यात काय!" जानराव खुर्चीत बसले. माउस पकडला, पानांकडं नीट पाहिलंही नाही, सवयीनं बाण एका पानावर नेला आणि टिचकी मारली.

पडदा उघडला. वर अमरदीपचं नाव. खाली उघडं पान: मंगरूळपीर, वापरलेल्या पेट्या, तबले, फोन नंबर. आणि शेजारी स्नेहाचा व्हिडिओ.

"मंगरूळ!" गर्दीतून कोणीतरी किंचाळलं.

"सापडला!" जानराव उठून उभे राहिले. "अमरदीप! पोट्टीचे व्हिडिओ पाह्यते अन मंगरूळले पेटी पाह्यते! अबे, बलवा रे त्याले!"

बोलवायची गरज नव्हती. अमरदीप गर्दीतच होता, काखेत ढोलकी. तो पुढं आला तो कानापर्यंत लाल होऊन.

"पेटी रविवारसाठी पाहून राह्यलो, आबा. आपल्या पेटीचा भाता फाटेल हाय, तुमालेच सांगतलं होतं. अन तिचे व्हिडिओ नाई पाह्यले त ताल कसा बसवू? काल दुपारी मी मालेगावले ढोलकीची पुडी बदलाले गेलतो." त्यानं ढोलकी पुढं केली. कातडं नवं, पांढरं, अजून कडक होतं. "इचारा दुकानदाराले. जेवनबी त्याच्याच घरी केलं."

"पानं खोटं बोलत नाहीत!" गुरुजी गरजले.

"पानं खोटं बोलत नाईत," जमनाबाई शांतपणे म्हणाली. "पन गुरुजी, आबाले समितीची खोली उघडायची होती. अमरदीपची कशी उघडली?"

जानरावांनी चष्मा सावरला, पडद्याजवळ नाक नेलं.

"अवं," ते म्हणाले, "समिती त इथंच होती. परवापर्यंत इथंच होती."

६

"हललं काय, प्रसेनजित?"

प्रसेनजितनं डोकं खाजवलं आणि एकदम थांबला. "पल्लवी! पल्लवीताईचं लगन झालं ना, थे आता मालेगावले. परवा फोन आला, माहे पासवर्ड तिथं राह्यले, माही खोली काढून टाक. बुधवारी सायंकाळी मी तिची प्रोफाइल पुसली."

"तिचं पान कुठं होतं?"

"पह्यल्या ओळीत."

"म्हंजे तिच्या मांगची सारी पानं एक जागा पुढं सरकली."

"व्हय! पंगतीतून एक उठला का सारे सरकतात तसे."

"आता पाहा," जमनाबाईनं खुर्ची ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागली. "आबानं नाव वाचलंच नाई. जागेवर टिचकी मारली. समिती परवा जिथं होती, तिथं आज अमरदीप आला, म्हनून अमरदीप उघडला. आबाचं चुकलं नाई, सारी पानंच एकसारखी. हे नावं कोनी वाचतच नाई तुमच्यात. जो तो आपलं पान जागेवरून ओयखते."

"खरं हाय," मागून दोघे-तिघे म्हणाले.

"त मंग गुरुवारच्या दुपारी बी एक मानूस इथं आला. चोरासारखा नाई आला, आपल्या खोलीत आला. त्यानं आपल्या जागेवर टिचकी मारली. अन उघडली समितीची खोली. त्याले पत्ताच नाई. त्यानं गानं लावलं, ऐकलं, माइक दाबला, मनातलं बोलला, पाठवून देल्लं. बाहेर जीपवाला वरडला, थेबी गेलं. वाचून पाह्यलं नाई, कारन त्याले वाचताच येत नसन त्या वक्ती." ती गुरुजींकडं वळली. "समितीच्या नावाआड कोनी लपलं नाई, गुरुजी. त्याले वाटलं, मी माह्याच नावानं बोलून राह्यलो."

गुरुजींच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा सैल झाली.

"आता एकच सांग, प्रसेनजित. आज समितीचं पान जिथं हाय, तिथं बुधवारपर्यंत कोनाचं पान होतं?"

प्रसेनजितनं पडद्यावर बोट ठेवलं. समितीच्या अलीकडचं पान. तेच एक घर पुढं सरकलेलं. त्यानं वाकून बारीक अक्षरं वाचली.

"'शेती माहिती'," तो म्हणाला.

स्नेहा तिथं नव्हती. ती अजून गोठ्यातच होती.

"बाकीचे बाहेर," जमनाबाई म्हणाली. आणि सगळे गेल्यावर, दार लावून, हळू आवाजात: "थे कोनाचं, पोरा?"

प्रसेनजितनं सांगितलं.

७

राजपाल टाकीखाली वाल्वचं चाक फिरवत होता. गावाच्या एका आळीचं पाणी बंद, दुसरीचं सुरू. जमनाबाई शेजारच्या दगडावर बसली.

"काच कवा बसवनार?"

"मंगरूळले जाईन तवा." त्यानं वर पाहिलं नाही.

"सोयाबीनचे भाव कसे हायत, राजपालभाऊ?"

चाक थांबलं. पाइपात पाणी घरघरत होतं.

"म्या थे खोली भाव पाह्यालेच करून मांगितली होती," तो म्हणाला. "पह्यल्या दिशी भाव पाह्यला. मंग म्हनलं, पाहू पोट्टी काय करून राह्यली. तवापासून भाव पाह्यलाच नाई."

"अन घरी?"

"घरी मी बोलून बसलो ना, बाई. आवाज ऐकू येऊ नये. थे आइकलीबी. अशी आइकली का घरात चमचा पडला तरी मोठ्यानं वाजते." त्यानं ओल्या हातानं नाक पुसलं. "वापस घ्याचं होतं. जेवाले बसलो का म्हनो, जेवन झालं का म्हनू. जेवन झालं का म्हनो, उद्या म्हनू. पाय हालवते लहानपनापासून. शाळेत पह्यलं गानं म्हनलं तवा चप्पल निघून गेलती पायातली. हसली पोरं. मले वाटलं, मोठ्या मंचावर हसू नये कोनी."

"दरखेपेस 'छान झालं', अन या खेपेस एवढं लांब?"

"रविवार होता ना पुढं. म्हनलं, कोनीतरी सांगाव तिले, भिऊ नको." मग घाईनं, "सायंकाळी मालूम झालं कोनाच्या नावानं गेलं थे. पुसाले गेलो, त मशीनपुढं अर्धं गाव. बैठकीत सांगतो म्हनलं. तिथं समदे लफडं, पयवून नेनं, असं बोलून राह्यले. त्यात उठून काय सांगू? का बापानं पोरीले चोरून लिवलं?"

"तुह्या गप्प बसन्यानं पोरगी रविवारी घरी बसन. व्हिडिओबी बंद."

"मालूम हाय."

"मी नाव सांगनार नाई," जमनाबाई उठली. "माह्या तोंडून ऐकलं त थे खबर होईन. तुह्या तोंडून ऐकलं त तिले बाप भेटन. सायंकाळ तुही हाय."

ती गेली. राजपालनं चाक चुकीच्या बाजूला फिरवलं आणि अर्ध्या गावाच्या चहाचं पाणी गेलं.

८

सूर्य कलला तेव्हा विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. वंदना झाली. स्नेहा पुढं बसली होती, ताठ. राजपाल दाराशी, नेहमीच्या जागी.

"जमादारीणबाई," धम्मपाल गुरुजी म्हणाले, "नाव सांगा."

"नाव हाय. चूक कशी झाली थे तुमी ऐकलं. वाईट हेतू नव्हता, थेबी ऐकलं. नाव ज्याचं हाय, त्यानं सांगाव."

वर छतावर टाकी भरली आणि पाणी पन्हाळीतून धो धो पडू लागलं. गावाला सवय होती. टाकी भरली की राजपाल उठतो, जातो, बंद करतो. राजपाल उठला. दाराजवळच्यांनी पाय आखडून वाट दिली.

तो गेला नाही. उभा राहिला. पाणी पडत राहिलं.

"अबे राजपाल, टाकी!" जानराव म्हणाले.

"थे म्या लिवलं," राजपाल म्हणाला.

"टाकीवर काय लिवलं?" कानानं अधू असलेल्या सदस्यांनी विचारलं.

"माही खोली समजून म्या समितीची उघडली. चष्म्याची एक काच फुटेल हाय, अक्षरं दिसली नाईत. वरच्या सुराले पाय हालवते थे, म्हनून लिवलं. 'शेती माहिती' बी मीच हाय."

स्नेहा सावकाश वळली. गाव आता हसावं की रडावं या विचारात होतं आणि त्यातल्या काहींनी हसायला सुरुवातही केली. स्नेहा हसली नाही.

"मी वर्षभर तुमाले धन्यवाद काका म्हनून राह्यली?"

"वाचलं मी. सारे वाचले."

"मी तिकडं गोठ्यात म्हशीयपुढं गाऊन राह्यली, अन तुमी इकडं मशीनपुढं बसून ऐकून राह्यले." ती म्हणाली. "मधात आपलंच घर होतं, बाबा."

राजपालनं चष्मा काढला, एक काच पुसली, दुसऱ्या रिकाम्या भोकातूनही रुमाल फिरवला.

जमनाबाईनं गुरुजींकडं पाहिलं. धम्मपाल गुरुजींनी घसा साफ केला. "रविवारी पह्यलं गानं स्नेहाचंच," ते म्हणाले, आणि रागाबरोबर पुस्तकी भाषाही गेली. "प्रसेनजित, थे समितीच्या नावानं गेलेलं आता पुसून टाक बापा."

"कायले पुसता?" जानराव म्हणाले. "थांबू नको म्हनलं हाय त्यात. समितीचंबी तेच मत हाय. जीपवाला तेवढा काढा." हात वर झाले. झोपलेल्या सदस्यांचा हात शेजाऱ्यानं वर केला.

मग लोक पांगू लागले. कोणीतरी वाल्व बंद केला. प्रसेनजित अभ्यासिकेत जाऊन हत्ती, मांजर आणि रॉकेट शोधू लागला. या खेपेला तो कोणाचं ऐकणार नव्हता.

बाप-लेक मागं राहिले. स्नेहा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"थे जे मशीनले सांगतलं, थे मले सांगा. माह्याकडं पाहून."

राजपालनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"दुसऱ्या कडव्याले घाई करते तू," तो म्हणाला.

"कुठं?"

"शेवटच्या ओळीले. दम पुरत नाई असं वाटते तुले. पुरते."

स्नेहानं मान हलवली. दोघं घराकडं चालू लागले, तो एक पाऊल पुढं. घराच्या कोपऱ्यावर ती थांबली.

"घरी म्हनू? शेवटची ओळ?"

राजपालनं कडी काढली. दार लोटायच्या आधी तो वळला आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं, एका काचेतून आणि एका उघड्या डोळ्यानं.

"म्हन," तो म्हणाला. "दार उघडं ठिवून म्हन."